पाषाणाचा घसारा

व्यापारी मनुष्यास घसारा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दुकानातील काटा, गोदामाची शेड, मालवाहू मोटार ह्या साऱ्यांची किंमत दरवर्षी काही अंशी उतरते, आणि ताळेबंद मांडताना ती उतरलेली रक्कम आपण निमूटपणे बाजूस काढतो. परंतु ज्या मंदिरात आपण पिढ्यान्‌पिढ्या दर्शनास जातो, ज्या चौकातील जुन्या वाड्यांच्या ओसरीवर आपल्या पेढ्या वाढल्या, ज्या धर्मशाळेत आपले पाहुणे उतरले, त्यांचा घसारा कोणाच्याच वहीत नसतो. पाऊस त्यांच्यापासून दरवर्षी काही घेऊन जातो, वैशाखातले ऊन काही घेते, भिंतीत चढलेली ओल काही घेते. हा खर्च चुपचाप वाढत राहतो आणि एखाद्या श्रावणी रात्री सज्जा कोसळला म्हणजेच उघडकीस येतो. विमा कंपनी कोसळलेल्या भिंतीचे पैसे एखादे वेळी देईल. झिजेचे पैसे ती देत नाही, हेही आपणांस ठाऊक आहे.

ह्या घसाऱ्याचा हिशेब केवळ मागचाच नव्हे, तर पुढचाही मांडता येईल, अशी एक विद्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आकारास आली आहे. हवामानशास्त्रज्ञ संगणकावर पृथ्वीच्या वातावरणाचे जे गणिती प्रतिमान चालवतात, ज्यास सर्वत्र ‘क्लायमेट मॉडेल’ म्हणतात, त्यातून निघणारे पाऊस, उष्णता व आर्द्रता ह्यांचे आकडे जुन्या वास्तूंच्या दगडास, चुन्यास आणि लाकडास लावून पाहावयाचे, अशी ही विद्या आहे. व्यापारी संघाच्या स्मरणिकेत हा विषय कोठून आला, असे काही सभासदांस वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. आपल्या समाजात जीर्णोद्धारासाठी दान देणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती कशाचा जीर्णोद्धार, केव्हा आणि कोणत्या साहित्याने करावा, हे ठरवण्यापूर्वी थोडे थांबून मोजून पाहण्याची. पैसा आपला जातो, आणि चुकीच्या दुरुस्तीने वास्तूही जाते.

पावसाने वास्तू कशी थकते हे पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. भोपाळपासून तीस किलोमीटरांच्या आत, बेतवा नदीच्या काठी भोजपूर आहे. अकराव्या शतकात परमार राजा भोज ह्याने आरंभिलेले तेथील शिवमंदिर अपुरेच राहिले. अवजड शिळा वर चढवण्यासाठी घातलेला मातीचा उतार आजही मंदिराच्या मागे दिसतो, आणि जवळच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले बांधकामाचे आराखडेही दिसतात. ह्या मंदिराच्या छतातून वर्षानुवर्षे पावसाचे पाणी आत झिरपत राहिले, बाहेरच्या आवरणाचे दगड लोकांनी काढून नेले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इमारत खिळखिळी होऊन गेली. १९५१ मध्ये ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आली. पुढे २००६-०७ मध्ये के. के. मुहम्मद ह्यांच्या देखरेखीखाली तिची मोठी दुरुस्ती झाली. नाहीसा झालेला एक स्तंभ अखंड दगडातून नव्याने घडवण्यात आला; त्याचे वजन सुमारे १२ टन होते आणि तो उभा करण्यासाठी कप्प्या व तरफा वापराव्या लागल्या. छताच्या उघड्या भागावर मात्र मूळ घडणीशी जुळणारा भाग फायबरग्लासचा बसवला, कारण त्याचे वजन मूळ दगडाच्या ५ टक्क्यांहूनही कमी होते. स्तंभ दगडाचा आणि छत फायबरचे, ही जोडी काही रसिकांस खटकते. आम्हांस ती शहाणपणाची वाटते. थकलेल्या भिंतींवर पुन्हा तेवढाच भार घालणे म्हणजे वृद्धाच्या डोक्यावर तरुणाचे गाठोडे देणे होय.

त्याच भोजपुरात एक जैन मंदिर आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळजण तेथे सहकुटुंब जाऊन आले असतील. सुमारे ६ मीटर उंचीची शांतिनाथांची मूर्ती, तिच्या बाजूस पार्श्वनाथ आणि सुपार्श्वनाथ. हेही मंदिर अपुरेच राहिले आणि येथेही दगड चढवण्याचा मातीचा उतार आहे. तेथील एका मूर्तीच्या पीठावरील लेखात भोजराजाचे नाव आले आहे. भोजपूरचा भोजाशी असलेला संबंध शिलालेखाने सिद्ध करावयाचा तर अभ्यासक ह्याच लेखाचा आधार घेतात. म्हणजे एका राजाच्या कर्तृत्वाची साक्ष आपल्या तीर्थंकरांच्या आसनाखाली काही ओळींत उरली आहे. त्या ओळींची खोली किती मिलिमीटर आहे आणि दर दशकास ती किती उणी होते, ह्याची चौकशी करणे हे पुराणवस्तूंच्या छंदिष्टांचे काम म्हणून आपण सोडून द्यावे काय?

भोजपूरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. भोजाने तेथे बांध घालून एक विस्तीर्ण सरोवर निर्माण केले होते. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह ह्याने तो बांध फोडला. गोंडांच्या दंतकथेप्रमाणे फौजेस बांध कापण्यास तीन महिने लागले, पाणी ओसरण्यास तीन वर्षे लागली आणि तळाची जमीन पुढे तीस वर्षे राहण्याजोगी नव्हती. सरोवर गेल्याने माळव्याची हवा पालटली, असेही लोक म्हणत आले. दंतकथेतील आकडे दंतकथेच्या मापानेच घ्यावेत. तथापि माणसाच्या एका कृतीने प्रदेशाची हवा बदलू शकते, हा विचार ह्या मुलुखास नवा नाही, एवढे त्यातून दिसते.

आता प्रतिमान म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. साऱ्या पृथ्वीवर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखल्या आहेत, आणि प्रत्येक चौकटीवर हवेचे थर एकावर एक रचले आहेत, अशी कल्पना करावी. सूर्याची उष्णता, वाफ, वारा, जमिनीची ओल, समुद्राचे तापमान ह्यांचा परस्परांवर होणारा परिणाम भौतिकशास्त्राच्या नियमांनी प्रत्येक चौकटीत काही मिनिटांच्या टप्प्यांनी मोजावयाचा आणि शेजारच्या चौकटीकडे पाठवावयाचा. अशा रीतीने महासंगणकावर शंभर-शंभर वर्षांचा काळ चालवून पाहतात. उद्या चौकबाजारात पाऊस पडेल काय, हे असले प्रतिमान सांगत नाही. उद्याचा हरभऱ्याचा भाव सांगणे निराळे, आणि येत्या वीस वर्षांत ह्या बाजारात हरभऱ्याची आवक वाढेल की घटेल हे सांगणे निराळे. प्रतिमान दुसऱ्या प्रकारचे काम करते. शिवाय एकाच दलालाच्या शब्दावर मोठा सौदा करू नये हे जसे आपण जाणतो, तसेच शास्त्रज्ञही एकाच प्रतिमानावर विसंबत नाहीत. अनेक देशांच्या अनेक प्रतिमानांचे निकाल शेजारी मांडून ते किती जुळतात आणि किती फाकतात, हे ते पाहतात. उष्णतेच्या बाबतीत ते बहुतेक जुळतात. मोसमी पावसाच्या बाबतीत अजूनही बरेच फाकतात.

ह्या कामात पुण्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने भारताचे स्वतःचे पृथ्वी-प्रणाली प्रतिमान तयार केले आणि त्याचे निकाल जागतिक तुलनेत सामील झाले. तेथे २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले. २०२० मध्ये केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचे मूल्यमापन करणारा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे संपादनही ह्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झाले. त्यातील काही आकडे प्रत्येक मंदिराच्या विश्वस्ताने आपल्या दैनंदिनीत टिपून ठेवावेत असे आहेत. १९०१ ते २०१८ ह्या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ दरम्यान जून-सप्टेंबरचा एकूण पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. परंतु मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. पावसाळ्याच्या मधल्या कोरड्या खंडांचे प्रमाणही १९५१-८० च्या तुलनेने १९८१-२०११ मध्ये २७ टक्क्यांनी अधिक आढळले. भूपेंद्रनाथ गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्येच मध्य भारतातील अतिवृष्टीच्या वाढीकडे लक्ष वेधले होते. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की विस्तीर्ण प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत, आणि त्यासाठी लागणारी वाफ पुष्कळ अंशी अरबी समुद्राकडून येते.

ह्याचा अर्थ असा की पाऊस एकूण कमी, पण पडतो तेव्हा एकदम, आणि मध्येच दडी मारून बसतो. आपल्या वाडवडिलांनी मृग, आर्द्रा, पुष्य, हस्त अशा नक्षत्रांवर पावसाची जी पत बांधली होती, ती आता मोडू लागली आहे. जुन्या इमारती त्या जुन्या पतीवर बांधलेल्या आहेत.

एक साधा हिशेब मांडू. एका मध्यम मंदिराचे किंवा वाड्याचे धाबे १०० चौरस मीटर आहे असे धरा. एका दिवसात १५० मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे त्या धाब्यावर १५,००० लिटर पाणी उतरले. ते दिवसभर सावकाश उतरले तर जुनी दगडी पन्हळ ते वाहून नेईल. परंतु पाऊस तासाला ६० मिलिमीटर ह्या वेगाने कोसळला तर पन्हळीस मिनिटाला १०० लिटर पाणी बाहेर टाकावे लागते. पन्हळीच्या तोंडाशी पिंपळाची पाने आणि कबुतरांची घाण साचलेली असली, म्हणजे पाणी धाब्यावरच तुंबते, चुन्याच्या कोब्यातील बारीक भेगांतून खाली उतरते आणि तुळईच्या टोकास, भिंतीच्या पोटात जाऊन बसते. पुष्कळ ठिकाणी ‘छत गळते’ म्हणून छतावर सिमेंट ओततात. दोष छताचा नसून पन्हळीचा असतो. प्रतिमान येथे उपयोगी पडते ते असे: पुढील तीस वर्षांत अतिवृष्टीचे दिवस किती वाढतील ह्याचा अंदाज मिळाला, तर एक पन्हळ पुरेल की दोन लागतील, हे आजच ठरवता येते. लाखो रुपयांच्या दुरुस्तीपेक्षा एक जादा पन्हळ स्वस्त पडते.

पाश्चात्त्य देशांत ह्या विषयाचा आरंभ युरोपात झाला. २००४ ते २००७ ह्या काळात ‘नोआज् आर्क’ नावाच्या प्रकल्पात ब्रिटिश हवामान कार्यालयाच्या हॅडली केंद्राच्या प्रतिमानांचे आकडे घेऊन, इटलीतील क्रिस्टिना साब्बिओनी व अन्य संशोधकांनी युरोपभरच्या दगड, धातू, काच, लाकूड ह्यांच्या भावी झिजेचे नकाशे तयार केले. २०१० मध्ये त्यांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. मागाहून ‘क्लायमेट फॉर कल्चर’ ह्या प्रकल्पाने इमारतींच्या आतल्या हवेचा विचार केला. त्यांच्या चिंता मात्र आपल्याहून वेगळ्या आहेत. दगडाच्या छिद्रांत पाणी गोठून दगड फुटणे, ही त्यांच्याकडील मोठी काळजी. भोपाळात तिचे काही कारण नाही. म्हणून त्यांचे कोष्टक उचलून आपल्या मंदिरास लावता येणार नाही. रीत घ्यावी, आकडे आपले असावेत.

रीतीचे एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या एका आवडत्या समजुतीस धक्का देणारे आहे. चुनखडक आणि संगमरवर हे दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात, आणि पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने ते पाणी अशा दगडास हळूहळू विरघळवते. अमेरिकेतील लिपफर्ट ह्यांनी १९८९ मध्ये ह्याचे एक सूत्र मांडले. हवा स्वच्छ असली तरीही दर एक मीटर पावसामागे अशा दगडाचा पृष्ठभाग सुमारे १९ मायक्रोमीटरने, म्हणजे मिलिमीटराच्या पन्नासाव्या भागाच्या जवळपास, खाली जातो. हवेतील गंधकाचे व नायट्रोजनाचे वायू ह्यात आणखी भर घालतात. भोपाळचा वार्षिक पाऊस सुमारे १,१०० मिलिमीटर धरला, तर उघड्यावरचा संगमरवर शंभर वर्षांत सुमारे २ मिलिमीटर झिजेल. भिंतीस २ मिलिमीटर काही नव्हेत. परंतु शिखरावरच्या नाजूक कोरीव वेलीस, प्रतिमेच्या ओठास व पापणीस, आणि देणगीदाराच्या नावाच्या कोरलेल्या अक्षरास ते पुष्कळ झाले. हे गणित ठोकळ आहे. घट्ट आणि गुळगुळीत दगड कमी झिजेल, वाऱ्याच्या तोंडची बाजू अधिक झिजेल. तथापि जुने वालुकाश्माचे मंदिर उतरवून त्या जागी संगमरवराचे उभारले म्हणजे ते ‘कायमचे’ झाले, ही समजूत ह्या गणितापुढे टिकत नाही. आम्ही नव्या मंदिरांच्या विरुद्ध नाही. जेथे मंदिर नाही तेथे अवश्य बांधावे. परंतु जे शेकडो पावसाळे सोसून उभे आहे, ते पाडण्यापूर्वी त्याच्याहून अधिक टिकणारे आपण काय देणार आहोत, हा प्रश्न सभेत विचारला गेला पाहिजे, आणि विचारणाऱ्यास धर्मविरोधी ठरवले जाऊ नये.

भोपाळ, सांची, विदिशा ह्या पट्ट्यातील बहुतेक जुन्या वास्तू विंध्य पर्वताच्या वालुकाश्माच्या आहेत, आणि वालुकाश्म संगमरवरासारखा विरघळत नाही. तो निराळ्या रीतीने मरतो. त्याच्या थरांत चिकणमातीचे अंश असतात. ते भिजले की फुगतात, वाळले की आक्रसतात. वैशाखात तापून लाल झालेल्या दगडावर पहिला वळीव पडतो, तेव्हा पृष्ठभाग एकदम थंड होतो आणि आतला भाग तापलेलाच राहतो. असे वर्षानुवर्षे होत गेले म्हणजे दगडाचे पोपडे सुटतात. बांधताना दगड खाणीतील थरांच्या आडव्या दिशेने न बसवता उभा बसवला असेल, तर सबंध पापुद्राच वहीच्या पानासारखा निखळतो.

ह्याहूनही मोठा शत्रू म्हणजे लोणा. जमिनीतील ओल भिंतीत चढते, आपल्याबरोबर क्षार वर आणते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. भिंतीच्या तळाशी कंबरेइतक्या उंचीवर जी पांढरी भुकटी हाताला लागते, ती हीच. नेहमीचे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळते आणि खाली आली की पुन्हा स्फटिकरूप होते. स्फटिक वाढताना दगडाच्या छिद्राच्या भिंतींवर दाब पडतो आणि कण सुटतो. म्हणजे मीठ नुसते असल्याने तितके बिघडत नाही. आर्द्रता ती रेघ वर्षातून किती वेळा ओलांडते, ह्यावर नुकसान अवलंबून असते. संशोधक प्रतिमानातील दररोजची आर्द्रता घेऊन ह्याच ओलांडण्या मोजतात. हा खरोखर आपल्या रोजमेळाचाच प्रकार आहे. भोपाळात उन्हाळाभर हवा कोरडी असते आणि भर पावसाळ्यात ओली असते. मीठ उन्हाळाभर घट्ट असते, श्रावणात विरघळलेले असते, आणि उपद्रव होतो तो मुख्यतः पावसाळ्याच्या दोन्ही टोकांस. पण पावसाने मध्येच दहा-दहा दिवस दडी मारली आणि पुन्हा झोडपले, असे वरचेवर होऊ लागले तर श्रावण-भाद्रपदातही ओलांडण्या वाढतील. वर सांगितलेले २७ टक्के कोरडे खंड येथे दगडाच्या खात्यावर नावे पडतात.

ह्याच ठिकाणी आपली दुरुस्तीची पद्धत आगीत तेल ओतते. जुन्या भिंतीचा चुन्याचा गिलावा श्वास घेतो. भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते, क्षार गिलाव्यात जमतात आणि झिजतो तो गिलावा, दगड नव्हे. गिलावा हा भिंतीचा अंगरखाच आहे. तो फाटावा म्हणूनच असतो. आपण तो काढून सिमेंटचा लावतो, वर ऑइल पेंट देतो, आणि दोन वर्षे भिंत कशी आरशासारखी दिसते म्हणून समाधान मानतो. आत अडकलेली ओल मात्र वाट शोधत वर चढते आणि पूर्वी कंबरेपर्यंत असलेला लोणा खांद्यापर्यंत जातो. सिमेंटमध्येही क्षार असतातच. आमच्या पाहण्यातील एका जुन्या मंदिरात असा रंग दिल्यावर काही वर्षांतच रंगाच्या कातडीखाली दगडाची वाळू झालेली आढळली. हाताने दाबताच ती पोत्यातल्या साखरेसारखी खाली आली. गूळ, बेलफळ, उडीद घालून घाणीत मळलेला चुना वापरणारे गवंडी आता थोडे उरले आहेत हे खरे, परंतु जे आहेत त्यांस काम मिळाले तरच आणखी तयार होतील. आपल्या संघाचे सभासद इमारती साहित्याचा व्यापारही करतात. विझवलेला चांगला चुना दुकानात ठेवणे हीही एक सेवाच आहे, आणि तोट्याचा धंदा नव्हे.

वाऱ्याचाही उल्लेख करावयास हवा, पण त्याबाबत प्रतिमाने अजून फारसे ठामपणे बोलत नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये वादळाने आग्र्याच्या ताजमहालाच्या प्रवेशद्वारांवरील मनोऱ्यांचे कळस पडले. मे २०२३ मध्ये उज्जैनच्या महाकाल लोकातील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा वावटळीने कोसळल्या; त्या जुन्या नव्हत्या आणि दगडाच्याही नव्हत्या, एवढेच येथे नमूद करतो.

मंदिराच्या आत काय घडते, हा स्वतंत्र विषय आहे. चातुर्मासात मुनिमहाराज एका ठिकाणी स्थिर असतात आणि पर्युषणात मंदिर माणसांनी भरून जाते; म्हणजे वर्षातील सर्वांत ओल्या दिवसांत आत सर्वांत अधिक श्वास, सर्वांत अधिक अभिषेकाचे पाणी आणि सर्वांत अधिक दिवे असतात. त्यात ग्रंथभांडार त्याच इमारतीत असले तर ताडपत्रांस आणि जुन्या हातकागदांस बुरशीची भीती. आपल्या पूर्वजांनी ह्याचा विचार केला होता असे आम्हांस वाटते. दिगंबर परंपरेतील श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, पावसाच्या तोंडावर येते. श्वेतांबर परंपरेतील ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीस, पाऊस सरल्यावर येते. दोन्ही दिवशी ग्रंथ बाहेर काढून झाडण्याची, त्यांची वेष्टने बदलण्याची आणि पूजेची रीत आहे. एकाने पावसापूर्वी ग्रंथांची बांधणी पाहावी, दुसऱ्याने पावसानंतर त्यांस हवा द्यावी, अशी ही जणू वाटणी. परंतु पावसाळा लांबून कार्तिकापर्यंत हवा ओली राहू लागली, तर केवळ तिथीवर विसंबून भागणार नाही. भांडारात आर्द्रतामापक टांगावा लागेल.

आता प्रतिमानाच्या मर्यादा. आपल्या भागासाठी जी प्रादेशिक प्रतिमाने उपलब्ध आहेत, त्यांतील पुष्कळांची एक चौकट सुमारे ५० किलोमीटरांची असते. भोपाळहून सांची तेवढ्याच अंतरावर आहे. म्हणजे मोठा तलाव, चौकातील अरुंद गल्ल्या, सांचीची टेकडी, ह्या साऱ्यांस प्रतिमान जवळजवळ एकच हवा देते. मोठ्या तलावाच्या काठी, १८२० मध्ये कुदसिया बेगमेने बांधवलेल्या गौहर महालाच्या भिंतीस पाण्यावरून येणारी दमट हवा लागते, ती चौकातील मंदिरास लागत नाही. प्रतिमानास हा भेद दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक वास्तूच्या ठिकाणची मोजणी जोडल्यावाचून प्रतिमानाचा आकडा अर्धाच राहतो. ह्या दिशेने एक चांगली गोष्ट आपल्या दाराशी घडली आहे. पुण्याच्या त्याच संस्थेने सिहोर जिल्ह्यातील सिलखेडा येथे, भोपाळपासून सुमारे ५० किलोमीटरांवर, मध्य भारतातील मोसमी पावसाचा अभ्यास करण्यासाठी एक मोठे निरीक्षणकेंद्र उभारले आणि मार्च २०२४ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. मोसमी पावसाच्या मुख्य पट्ट्यातील ढग व पाऊस तेथे प्रत्यक्ष मोजून प्रतिमानातील उणिवा दुरुस्त करावयाच्या, हा त्याचा हेतू. पुण्याचे गणित आणि माळव्याचे आभाळ ह्यांची गाठ आपल्या परिसरात पडावी, ह्याचा ह्या नगरातील मराठी माणसास विशेष आनंद वाटेल.

वालुकाश्मासाठी मात्र संगमरवराइतके सुटसुटीत सूत्र नाही. त्याची झीज खाणीगणिक आणि थरागणिक बदलते. विदिशेजवळच्या उदयगिरीस २० व्या क्रमांकाची लेणी आहे. गुप्त संवत १०६, म्हणजे इ. स. ४२५-२६ मध्ये, कुमारगुप्ताच्या कारकिर्दीत तेथे पार्श्वनाथांची प्रतिमा करविल्याची नोंद खडकात कोरलेली आहे. सुमारे सोळाशे वर्षे ती अक्षरे ह्या मऊसर दगडावर टिकली, कारण ती लेणीच्या पोटात आहेत. सांचीच्या कठड्यांवर श्रेष्ठींची, व्यापाऱ्यांची, त्यांच्या स्त्रियांची दानाची नोंद करणारे शेकडो छोटे लेख उघड्या हवेत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांची ती खतावणीच आहे, आणि ती ज्या दगडावर लिहिली आहे त्याच्या घसाऱ्याचे खाते अद्याप उघडावयाचे आहे. सरकारी संरक्षणाखालील वास्तूंची चिंता पुरातत्त्व विभाग वाहील. त्यांची विज्ञान शाखा १९१७ पासून हे काम करीत आली आहे. परंतु गावोगावची जी मंदिरे, धर्मशाळा आणि वाडे समाजाच्या मालकीचे आहेत, ते कोणाच्याही यादीत नाहीत. त्यांची मोजणी आपणच केली पाहिजे.

त्यास लागणारा खर्च ऐकून सभासदांस आश्चर्य वाटेल. आर्द्रता व तापमान दर तासाला आपोआप टिपणारी लहान यंत्रे एखाद्या पूजेच्या ताटाच्या किमतीत मिळतात. एक गाभाऱ्यात, एक बाहेर सावलीत, एक ग्रंथभांडारात, अशी तीन पुरेत. धाब्यावर एक पर्जन्यमापक. भिंतीस तडा असेल तेथे काचेची पातळ पट्टी चुन्याने आडवी चिकटवून तिच्यावर तारीख घालावी. तडा रुंदावला तर पट्टी फुटते आणि केव्हा फुटली ते कळते. लोण्याची रेघ भिंतीवर कोठपर्यंत चढली आहे ती ज्येष्ठात आणि कार्तिकात फूटपट्टी ठेवून, त्याच जागेवरून छायाचित्र घेऊन नोंदवावी. पाठशाळेतील मोठी मुले हे काम आनंदाने करतील. अशा पाच वर्षांच्या नोंदी हाती असल्या, तर कोणत्याही हवामानशास्त्रज्ञाकडे किंवा वास्तुतज्ज्ञाकडे जाऊन, आमच्या ह्या भिंतीचे २०५० मध्ये काय होईल, असे विचारता येईल; नोंदी नसतील तर तोही आपल्यासारखाच हात हालवील. संघाच्या जीर्णोद्धार निधीतून ज्या वास्तूस साहाय्य द्यावयाचे, तिच्या विश्वस्तांनी निदान दोन पावसाळ्यांच्या नोंदी अर्जासोबत जोडाव्यात, असा नियम येत्या सर्वसाधारण सभेने करावा, अशी आमची सूचना आहे. तिला विरोध होईल हे आम्ही जाणतो. ‘छत गळते आहे आणि तुम्ही दोन वर्षे मोजत बसता’, असे म्हटले जाईल. तातडीच्या डागडुजीस, पन्हळी साफ करण्यास आणि टेकू देण्यास हा नियम लागू नसावा. पाडण्यास, सिमेंटच्या गिलाव्यास आणि रंगकामास तो अवश्य लागू असावा.

नोंदवहीचा आरंभ श्रुतपंचमीस करावा आणि पाऊस रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावा. भारतीय हवामान विभागही त्याच वेळेस मोजतो, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या भोपाळ केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.